अर्धा घाम

आमचे शेजारी भाऊ डॉक्टर रोग्याला दवाखान्यात नव्हे, दारासमोरच्या उन्हात तपासत. सोलापूरचं ऊन, तेही वैशाखातलं. रोगी घामाघूम झाला की भाऊ खूश. अर्धाच चेहरा घामेजला तर त्याहून खूश. एक पापणी पडलेली, त्या डोळ्याची बाहुली बारीक आणि त्याच बाजूचा गाल कोरडा, असा माणूस सापडला की उलटतपासणी सुरू.

"डोळ्याला शिक्षा, गुन्हा मानेचा!" हे त्यांचं ब्रीद. मानेतली एक नस दुखावली की असं होतं, म्हणत. "मानेवर कधी काय पडलं होतं?"

"सासू," एक शिंपी म्हणाला.

भाऊंनी गंभीरपणे विचारलं, "कुठल्या बाजूला?"

स्वतः मात्र काळा चष्मा लावून, डोक्याला उपरणं गुंडाळून सावलीत. "रोग्याला ऊन, डॉक्टरला सावली!" असं मी चारचौघांत म्हणायचो. ते हसायचे.

एकदा मंगळवेढ्याकडचा एक पैलवान रडत आला. ठरलेलं लग्न मोडत होतं. सुपारी फुटताना त्यानं नवरीच्या मावशीला डोळा मारला, असं मुलीकडचे म्हणत.

"आईशप्पत डाक्टर, पापणी आपसूक पडतीया की!"

भाऊंनी त्याची मान चाचपली, खोदून खोदून विचारलं. शेवटी एका कुस्तीत मानेला बसलेली मगरमिठी सापडली. "चला," म्हणाले, आणि मलाही सर्व्हिस मोटारीत कोंबलं.

मुलीच्या अंगणात पैलवानाला उन्हात बसवलं. उजवा गाल निथळला, डावा कोरडा. मावशी बधेना.

"पुसला असंल! असला आजार असतोय व्हय कुटं?"

भाऊ जरा घुटमळले. मग उपरणं सोडून पैलवानाशेजारी जाऊन बसले आणि चष्मा काढला. इतक्या वर्षांच्या शेजारात तो डोळा मी प्रथमच पाहिला. डावी पापणी अर्ध्यावर आलेली. हळूहळू उजव्या गालावरून घाम ओघळला, डावा कोरडाच. माझी मान खाली गेली.

मावशीनं पदर तोंडाशी नेला. "मग तुमची बायकू काय म्हनली वो?"

"ठरलं होतं लग्न," भाऊ म्हणाले. "मोडलं. ते लोक विचारायला आले नाहीत. आले असते तरी मला कारण सांगता आलं नसतं."

मावशी आत गेली, तांब्या घेऊन आली. "घ्या पानी, जावईबापू," पैलवानाला म्हणाली.

परतताना मी दबकत विचारलं, "भाऊ, तुमच्या मानेवर काय पडलं होतं?"

"शोधतोय की अजून." त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "आता विचारायला कुणी येणार नाही म्हणा. पण उत्तर तयार असावं."