वाईटच खेळतो हो

शैलाकाकूंचा मुलगा बास्केटबॉल खेळतो, आणि नुसता हौसेने नाही, नोकरी म्हणून खेळतो. मराठी घरातला मुलगा, सहा फूट सात इंच, प्रोफेशनल खेळाडू. अशी दुसरी आई अमेरिकेतल्या आमच्या या भागात, बॉथेलपासून बेलव्ह्यूपर्यंत, शोधून सापडायची नाही. आणि ही बाई भेटेल त्याला काय सांगते? "कसलं काय. वाईटच खेळतो हो."

तुम्हाला वाटेल, विनय असेल. विनय कसला डोंबलाचा. विनय करणारा माणूस समोरच्याला "नाही हो, असं कसं" म्हणायला थोडी जागा सोडतो. काकू ती सोडत नाहीत. परवा तुमचा निखिल छान खेळला म्हणे, असं तुम्ही म्हणालात, तर त्या तुम्हाला पुराव्यानिशी खोटं पाडतात. "छान? अहो, शेवटी हातातला बॉल सोडला त्याने. बाकीची मुलं बरी होती म्हणून जिंकले." उंचीचं कौतुक केलंत तर म्हणतात, "बूट जाड आहेत. शिवाय केस उभे राहतात त्याचे."

आता आमची मंडळी कशी आहेत तेही सांगायला हवं. इथे पोरगं पहिल्यांदा पाण्यात तरंगलं तरी आईबाप सगळ्या गावाला ईमेल पाठवतात. मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपायच्या आत कुणाची मुलगी गणितात कितवी आली ते तुम्हाला पाठ झालेलं असतं. बेलव्ह्यूच्या एक बाई तर शपथेवर सांगतात की त्यांच्या मुलाला पाळण्यात असल्यापासून सायन्सची ओढ होती. त्या घोळक्यात काकू हातात कागदी प्लेट घेऊन उभ्या असतात, आणि निखिलचा विषय निघालाच तर मोदक गिळून तेवढं एक वाक्य बोलतात.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. स्मिता माझं नाव, नागपूरची. सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. खरं तर ते काम मी फुकटही केलं असतं. तेव्हा काकूंची आणि माझी ओळख भांडणाने झाली यात नवल नाही.

एका शनिवारी दुपारी बिल्डिंगचा अलार्म वाजला. आम्ही सगळे चपला घालून पार्किंगमध्ये, वरून पाऊस, आणि फायर ट्रक दारात. माझ्या डोक्यावर ओला टॉवेल होता, त्यामुळे माझा पारा आधीच चढलेला. धूर येत होता काकूंच्या घरातून, म्हणून मी फायरमनच्या मागोमाग वर चढले. आत मिरच्यांचा असा खकाणा की तो सहा फुटी गडी दारातच खोकून वाकला. इलेक्ट्रिक शेगडीवर तवा, तव्यात मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या जळत होत्या.

"व्हॉट आर यू कुकिंग, मॅम?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"नथिंग. फॉर माय सन," काकू म्हणाल्या.

त्याने सन कुठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहिलं. घरात कुणीच नव्हतं. हॉलच्या मधोमध एक पाट मांडला होता आणि पाटावर पंधरा नंबरचा एक बूट ठेवला होता. फायरमनने बुटाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि वहीत काहीही न लिहिता खाली निघून गेला.

निखिल डोंगरापलीकडच्या एका छोट्या शहरात, तिथल्या छोट्या लीगमध्ये खेळायचा. घरापासून तीन तासांवर. म्हणून त्याची दृष्ट काढायची तर काकू त्याच्या जुन्या बुटावरून काढत असत. मी तणतणले, तर काकू शांतपणे म्हणाल्या, "खकाणा आला ना? म्हणजे नजर नव्हती. अलार्म वाजला ते बरंच झालं." पुढे अलार्म वाजला की मी ओळखायची, पोराचं ठीक चाललं आहे.

पहिली काही वर्षं काकूंचं उत्तम चाललं होतं, कारण निखिल खरोखरच वाईट खेळत होता. खेळत होता म्हणजे बसत होता. बाकावर बसून तो इतरांना टॉवेल द्यायचा. मंडळातले लोक विचारायचे, "अजून बॉलच खेळतोय का? मास्टर्सचं काय ठरलं?" काकू निश्चिंतपणे म्हणायच्या, "कसलं काय," आणि बाईला खोटं बोलावं लागत नसे.

मग आला तो सीझन. पोराला काय झालं कुणास ठाऊक. उन्हाळाभर एकट्याने कुठल्या तरी शाळेच्या जिममध्ये शॉट मारत बसला होता म्हणे. पहिल्या महिन्यात बाकावरून उठला, नाताळापर्यंत टीममध्ये पक्का झाला, आणि नंतर तर समोरची टीम त्याला अडवायला दोन-दोन माणसं लावायला लागली. इकडे काकूंची झोप उडाली. तो जितका चांगला खेळेल तितकं त्यांना वाईट सांगावं लागे. एका मॅचमध्ये त्याने एकट्याने टीम ओढून नेली, तर दुसऱ्या दिवशी इंडियन स्टोअरमध्ये कोथिंबिरीशी उभं राहून काकू मला म्हणाल्या, "फार लाजिरवाणं झालं गं काल." तूरडाळ घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी त्यांचं सांत्वन केलं.

शेवटी लीगने जाहीर केलं की वर्षभरात सगळ्यात जास्त सुधारलेला खेळाडू म्हणून निखिलची निवड झाली आहे. मंडळात खळबळ. आमचे अध्यक्ष टिळेकर, ज्यांनी आयुष्यात फक्त कॅरम खेळला, ते विचारपूर्वक म्हणाले, "म्हणजे उत्तेजनार्थ ना? आणि एवढं सुधारायला वाव होता, म्हणजे आधी काय अवस्था असेल बघा." ऐकणारे कानकोंडे झाले. काकूंना मात्र टिळेकर फार आवडले. त्यांनी त्यांना डबाभर चकल्या पाठवल्या.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण मग त्या डोंगरापलीकडच्या पेपरच्या वार्ताहराने काकूंना फोन केला. खेळाडूच्या आईचे दोन शब्द हवे होते त्याला. या देशात आया अशा वेळी रडतात, लहानपणीच्या गोष्टी सांगतात, पोराला हिरो म्हणतात. आमच्या काकूंनी त्याला सांगितलं की तो इतका काही चांगला नाही, कधी कधी बॉल आत जातो, बाकीची मुलं जास्त बरी आहेत, आणि कृपा करून फार लिहू नका. त्या भल्या माणसाने जसंच्या तसं छापलं. मथळाच तो: इतका काही चांगला नाही, म्हणते आई.

टीमच्या पोरांनी ती बातमी कापून निखिलच्या लॉकरवर चिकटवली. त्याला फोन कुणाला करावा कळेना, म्हणून त्याने मला केला. मी मावशी म्हणवून घेण्याइतकी काही म्हातारी नाही, पण त्याने पहिल्या दिवसापासून मला मावशी करून टाकलं आहे.

"स्मिता मावशी, डिड शी रिअली से दॅट?"

मी म्हटलं, "अरे, तुला माहीत आहे तुझी आई."

"आय डोंट," तो म्हणाला. मग बराच वेळ इंग्रजीत बोलत राहिला. आईने आजवर एकदाही त्याला चांगला म्हटलं नव्हतं. शाळेत नाही, कॉलेजात नाही, आता नाही. त्याला वाटायचं, बाकावर बसतो म्हणून असेल. आता वर्षभर जीव तोडून खेळला, तरी तेच. "शी इज अशेम्ड ऑफ मी," तो म्हणाला. शेवटच्या मॅचआधी ते बक्षीस देणार होते आणि त्या दिवशी आईने येऊ नये असं त्याला वाटत होतं. "तिला नको आणूस, मावशी. प्लीज." नको आणूस एवढं त्याने मराठीत म्हटलं, म्हणून ते मला जास्त लागलं.

मी तशीच वर गेले. काकू पाटावरचा बूट फडक्याने पुसत होत्या. मी काही गोड बोलले नाही. म्हटलं, "पोटच्या पोराला वाटतंय की तुम्हाला त्याची लाज वाटते. बक्षीस घेताना तुम्ही तिथे नकोत म्हणतो. झालं समाधान?"

बूट पुसता पुसता त्यांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"वाटू दे," त्या म्हणाल्या. "धडधाकट आहे ना? मग वाटू दे."

"काकू, हा काय वेडेपणा आहे?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. निखिल आठवीत असताना त्याच्या वडलांना, विश्वासकाकांना, प्रमोशन मिळालं, घरी पार्टी झाली. कुणीतरी काकूंच्या हातात कॅराओकेचा माइक दिला. "मी जन्मात कधी ह्यांचं कौतुक केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी चारचौघांत केलं. ह्यांच्यासारखा माणूस नाही म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या पार्किंगमध्ये पडले ते उठलेच नाहीत."

काकांच्या वडलांना हार्टचा त्रास होता, भाऊही तसाच गेला, हे सगळं मला काकूंनीच कधीतरी सांगितलं होतं. ते माझ्या अगदी जिभेवर आलं. पण चुका काढायचा पगार घेणारी मी, ती चूक मला काढवली नाही. रडू आलं ते लपवायला मी म्हटलं, "तो बूट द्या इकडे, तुम्ही त्याचा रंग घालवाल."

खाली येऊन मी निखिलला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पार्टी त्याला आठवत होती. आईच्या हातातला माइकही आठवत होता. "डॅड लाजला होता," तो म्हणाला.

"सो व्हेन शी सेज आय एम बॅड..."

"तेव्हा ती तुला राखत असते," मी म्हटलं. "तुझ्या आईची ती इन्शुरन्स पॉलिसी आहे रे. तू जितका वर जाशील तितकं तिला भरावं लागतं."

तो नाक ओढत हसला. "ओके," म्हणाला. "तिला आण."

रविवारी दुपारची मॅच. मी घाट ओलांडून ड्राइव्ह केलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ, शेजारच्या सीटवर काकू आणि त्यांच्या मांडीवर पिशवी. पिशवीत डिंकाचे लाडू आणि तो बूट. सिक्युरिटीवाल्याने बूट बाहेर काढून विचारलं हे काय, तर मी म्हटलं, फॅमिली मेंबर. त्याने आत सोडलं.

निखिलला बक्षिसाची पाटी मिळाली तेव्हा हॉलभर टाळ्या पडल्या आणि काकूंनी मान खाली घातली. मॅचभर त्यांनी पदर डोळ्यांवर धरला होता आणि फटीतून सगळं पाहत होत्या. पोरगं असं खेळलं की माझा घसा बसला, आणि मला अजून त्या खेळाचे नियम नीट माहीत नाहीत.

मॅच संपल्यावर तो घामाने निथळत सरळ आमच्या रांगेकडे आला. लोक मागून त्याची पाठ थोपटत होते. काकू उठून उभ्या राहिल्या. तो त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला तेव्हा कुठे त्याचं तोंड त्यांच्या हाताशी आलं.

"आई," तो म्हणाला, "मी आज खूप वाईट खेळलं."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. आवाज नेहमीचाच.

"हो," त्या म्हणाल्या. "अगदीच वाईट. बघवत नव्हतं मला."

"पुढच्या वर्षी अजून वाईट खेळीन."

"खेळ," काकू म्हणाल्या. आणि त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून त्यांनी स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

आजूबाजूच्या अमेरिकन मंडळींना वाटलं, हा काहीतरी फार सुंदर विधी आहे. ती उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "स्मिता, त्यांना थांबव गं. टाळ्या नको म्हणावं."

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी मागे वळले आणि बसलेल्या घशाने, जमेल तेवढ्या मोठ्याने, मागच्या रांगेतल्या टाळ्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला सांगितलं, "ही वॉज टेरिबल टुडे. टेरिबल."