बुधवारी तीस

नवी गाडी घेतल्यापासून फिंटन गिलहूली रोज नाश्त्याला तिला शिव्या द्यायचा आणि त्याची बायको अट्रॅक्टा पावाला लोणी लावत ते ऐकून घ्यायची. गाडीत दोष काही नव्हता. दोष होता ब्रसेल्समध्ये बसून कायदे करणाऱ्यांचा. आता प्रत्येक नव्या गाडीत वेगावर पहारा ठेवणारं एक यंत्र असावंच लागतं. ते काचेवरच्या कॅमेऱ्यातून रस्त्याकडेच्या पाट्या वाचतं, वेग जास्त झाला की टुंग टुंग करतं आणि पायाखालचं पेडल उलटं रेटतं. बंद करता येतं, पण गाडी उभी असतानाच, आणि गाडी पुन्हा सुरू केली की तेही पुन्हा कामावर हजर.

“माझी आई अशीच मागून टुमणं लावायची,” फिंटन म्हणाला. “पण तिला निदान शेवटी जमिनीत पुरता तरी आलं.”

“आईचं ऐकलं असतंस तर परवान्यावर नऊ गुण चढले नसते,” अट्रॅक्टा म्हणाली. “आणि तो फोन आधी गाडीला जोडून घे. दोन मिनिटांचं काम आहे.”

“जोडणार नाही. ज्या गाडीचा माझ्यावर विश्वास नाही तिला मी माझा फोन कशाला देऊ?”

नऊ गुण ही अभिमानाची गोष्ट नव्हती. वेगात पकडलं की तीन दंडगुण मिळतात आणि बारा भरले की सहा महिने गाडीला हात लावायचा नाही. फिंटन घरं-जमिनी विकून देणारा दलाल. ड्रमकीलमधलं पडकं घर असो की दलदलीतला तुकडा, प्रत्येक जाहिरातीत तो ‘शहरापासून फक्त बारा मिनिटं’ असं छापायचा आणि ते खरं ठरवायला गिऱ्हाइकाला शेजारी बसवून त्याच वेगात न्यायचा. गिऱ्हाइकं शहरात पोचल्यावर आधी देवाचं नाव घ्यायची आणि मग घर नको म्हणायची. पण गाडीच गेली तर धंदाच बसला, कारण ड्रमकीलला सकाळची एक बस येते, तीही ड्रायव्हरच्या मनात असलं तर.

आता गंमत अशी की हाच फिंटन गावच्या रहिवासी मंडळाचा अध्यक्ष होता आणि मंडळाचा एकच विषय होता, तो म्हणजे गावातून सुसाट जाणाऱ्या गाड्या. अर्थात दुसऱ्यांच्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे वेगाच्या बाबतीत जितकं खरं आहे तितकं पोरांच्या बाबतीतही नसेल. फिंटनचा स्वतःचा वेग हा अनुभव होता, बाकीच्यांचा तो माज.

ड्रमकील ते शहर हा रस्ता एक वळण सोडलं तर सरळसोट, दोन्ही बाजूंना हाकेच्या अंतरावर एकेक बंगली. वेगमर्यादा ऐंशी. ती खाली आणा म्हणून मंडळाने नगर परिषदेला सतरा अर्ज केले आणि परिषदेने ते जपून ठेवले. तेव्हा फिंटनला एक युक्ती सुचली. त्याने लाल वर्तुळात ठसठशीत तीस लिहिलेले मोठाले स्टिकर छापून आणले आणि घरोघरी फिरून प्रत्येकाच्या कचऱ्याच्या डब्यावर स्वतःच्या हाताने चिकटवले. दर बुधवारी कचऱ्याची गाडी येते, त्यामुळे सगळे डबे चाकांवर ढकलत फाटकाबाहेर येतात. बुधवारी तरी ही माणसं वचकतील, असं त्याचं म्हणणं. शिवाय गावाच्या टोकाला जुन्या दूधडेअरीच्या वळणावर पोलिसांनी उभं राहावं म्हणून त्याने सार्जंट नूला टान्सीला वर्षभर भंडावून सोडलं होतं.

त्या बुधवारी अकरा वाजता जिल्ह्याच्या रेडिओवर वाद होता : नव्या गाड्यांना वेगाचा लगाम हवा की नको. नको म्हणायला फिंटन, हवा म्हणायला गावातलीच निवृत्त सुईण डिम्फ्ना लूबी. डिम्फ्ना सकाळच्या बसने जाऊन स्टुडिओत दुसरा चहा पीत बसली होती. फिंटन पावणेअकराला, यंत्र बंद करायचं विसरून, घरातून निघाला. बारा मिनिटांचा तर रस्ता.

पहिल्याच फाटकाशी गाडीने स्वतःच्या घरचा डबा वाचला आणि टुंग केलं. पेडल वर आलं.

“अगं, तो डबा आहे,” फिंटन गाडीला म्हणाला.

गाडीने पुढच्या फाटकावर शेजारी कॅनिंग यांचा डबा वाचला, मग लूबीबाईंचा, मग चर्चचा. गाडीचं काही चुकत नव्हतं. लाल वर्तुळ, आत तीस, आणि तेही हाकेहाकेवर. फिंटनने पेडल जमिनीला भिडवलं आणि टुंगटुंगाटात गाडी ऐंशीवर नेली. पायाला मुंग्या आल्या. तेवढ्यात फोन वाजला. त्याने तो उचलून कानाला लावला.

“फिंटन, माल्की बोलतोय, रेडिओवरून. आधीच्या पाहुण्यांचं लवकर आटोपलं. आहेस तिथूनच बोल. आपण प्रक्षेपणात आहोत बरं का. हा कसला आवाज येतोय?”

“कसला?”

“टुंग टुंग.”

“ते यंत्र आहे,” डिम्फ्नाचा आवाज आला. “मर्यादा मोडली की वाजतं. अध्यक्षसाहेब जोरात दिसतायत.”

अख्खा जिल्हा ऐकत होता. फिंटनने झटकन पाय उचलला. गाडी पन्नासवर आली, तरी टुंग. चाळीस, टुंग. तीसवर एकदाची गप्प झाली. आता गप्प ठेवायची तर तीसच, आणि नाही ठेवली तर परवान्यावर नऊ गुण असलेला अध्यक्ष रेडिओवर वाजत गाजत जाणार. तेव्हा फिंटनने माणसाच्या स्वातंत्र्याचं भाषण सुरू केलं, यंत्राने नेमून दिलेल्या वेगात.

“हे बघ माल्की, अनुभवी माणसाला रस्ता कळतो. केव्हा वेग घ्यावा हे मला ब्रसेल्सच्या कारकुनाने शिकवायचं? मी काय शेळी आहे का दावणीला बांधायला?”

“मग आत्ता काय वेग आहे तुझा?” डिम्फ्नाने विचारलं.

“योग्य तोच.”

तेवढ्यात पॅकी मलूनचा ट्रॅक्टर त्याला ओलांडून पुढे गेला. मागे चाऱ्याचा गठ्ठा होता आणि त्यावर बसलेला कुत्रा फिंटनकडे बराच वेळ बघत राहिला. फिंटनने मान वळवली तर आरशात गाड्यांची रांग दिसली, पार चर्चपर्यंत.

“श्रोत्यांचे निरोप येतायत,” माल्की म्हणाला. “एक जण लिहितो, ‘ड्रमकीलच्या रस्त्यावर कुणी तरी तीसने चाललंय, आमची वरात झालीय.’ दुसरा लिहितो, ‘पुढे शवपेटी असेल तर टोपी काढतो, नसेल तर त्याला म्हणावं बाजूला हो.’ फिंटन, तुला दिसतोय का रे हा मनुष्य?”

“नाही,” फिंटन म्हणाला. आरशात त्याचं तोंड लाल झालेलं होतं.

“असल्या माणसांचं काय करावं?”

“परवाने काढून घ्यावेत,” फिंटन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

डिम्फ्ना हसली नाही, पण तिचा चहा चुकीच्या नळीत गेल्याचं सगळ्या जिल्ह्याला ऐकू आलं.

दूधडेअरीचं वळण आलं आणि फिंटनला हायसं वाटलं. तिथे सार्जंट नूला टान्सी वेग मोजायचं यंत्र घेऊन उभी होती. याच वळणावर तो नेहमी शंभरच्या पुढे असायचा. आज तीस. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तो पोलिसांसमोरून छाती काढून जाणार होता. मोकळ्या हाताने स्टिअरिंग धरून त्याने मान लववून सलामही केला.

सार्जंटने हात केला. फिंटनने गाडी बाजूला घेतली. मागची अख्खी रांग हॉर्न वाजवत, सार्जंटच्या नजरेखालून सभ्यपणे निघून गेली.

“काय झालं, सार्जंट? मी तीसने होतो. मोजून बघा.”

“मोजलं. तीसच.” ती खिडकीशी वाकली. “कानाला काय आहे?”

फिंटनने कानाला हात लावला. तिथे फोन होता.

“गाडी चालवताना हातात फोन. तीन गुण.”

“अहो, पण मी हळू चाललो होतो.”

“हो ना. म्हणून तर फोन दिसला. एरवी तुम्ही इथून जाता तेव्हा गाडीचा रंग सुद्धा कळत नाही.” तिने पुस्तिका काढली. “आणि या वळणावर उभं राहा म्हणून तुम्हीच मागे लागला होतात. हळू गेलं की किती दिसतं, नाही?”

फोनमधून बारीक आवाज आला. “फिंटन? नऊ आणि तीन किती होतात रे?” ती डिम्फ्ना होती.

फिंटनने फोन बंद केला. उत्तर सगळ्या जिल्ह्याला येत होतं.

पुढचे सहा महिने कसे गेले ते विचारू नका. जाहिरातींतली ‘बारा मिनिटं’ गेली आणि तिथे ‘शांत परिसर’ आला. गिऱ्हाइकांकडे आता त्याला अट्रॅक्टा न्यायची, ती गाडी चालवणार आणि फिंटन शेजारी. आणि शेजारच्या खुर्चीवरून रस्ता अगदीच वेगळा दिसतो. पहिल्या आठवड्यात त्याने दाराची कडी धरली. दुसऱ्या आठवड्यात तो पाय आवळून नसलेला ब्रेक दाबू लागला. मंडळाच्या सभेत तर त्याने ठराव मांडला की ही यंत्रं बंद करायची सोयच कायद्याने काढून टाकावी, माणसं बेफाम झाली आहेत. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण प्रत्येकाला तो शेजाऱ्यासाठी पटला.

एका बुधवारी एका बाईंना घर दाखवायचं होतं आणि उशीर झाला होता. अट्रॅक्टाने गाडी फाटकाबाहेर काढली आणि वेग घेतला. गाडी टुंग टुंग करू लागली. फिंटनने कडी धरली.

“जरा हळू, अट्रॅक्टा. समोर तीस लिहिलंय ते दिसत नाही का?”

“तो डबा आहे, फिंटन,” अट्रॅक्टा म्हणाली आणि तिने पेडल आणखी दाबलं.