इंद्रभानचा गैरहजर अंगठा

मी आता जे सांगणार आहे, त्यावर अमडापूरच्या स्टँडवर बसलेला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवावा असा माझा आग्रहही नाही. तरी कुणाला शंका आलीच, तर त्या टोकाच्या बाकावर इंद्रभानची बायको सोजराबाई मांडीवर डबा घेऊन चिखलीच्या गाडीची वाट पाहत बसली आहे. तिला विचारा.

तर इंद्रभान. वय एकेचाळीस, जमीन दोन एकर, मिशी अर्धी पिकलेली. या वयात त्याने हेअर ड्रेसिंग शिकायचे ठरवले. गावाने आधी नाक मुरडले. पण चिखलीतल्या त्या दुकानाची पाटी इंग्रजीत आहे, खुर्ची खालीवर होते आणि शिकवणाऱ्याला 'सर' म्हणतात, हे कळल्यावर त्याच कामाला गाव करिअर म्हणू लागले. प्रशिक्षण सहा महिन्यांचे. विद्यावेतन महिना तीन हजार. शेवटी प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्रावर स्वतःच्या दुकानासाठी एक खुर्ची व एक आरसा. इंद्रभानला ती खुर्ची हवी होती. तिच्यासाठी त्याने दुपारचा चहा सोडला, मग तुटलेली चप्पल शिवायची सोडली, मग परतीची गाडीही सोडली आणि रात्री दुकानातच निजू लागला. अविनाश सर, वय चोवीस, त्याला "बेटा, कात्री अशी धर" म्हणत. तेही त्याने ऐकून घेतले.

नियम असा होता की पहिले तीन महिने शिकाऊ माणसाने फक्त डोकी धुवायची. इंद्रभानने इतकी धुतली, की शाम्पूच्या पाण्यात त्याच्या अंगठ्यावरच्या रेषा वाहून गेल्या. आणि हजेरी तर अंगठ्यावर! यंत्र म्हणाले, पुन्हा प्रयत्न करा. त्याने केला. यंत्राने त्याला गैरहजर मांडले. गैरहजर माणसाला विद्यावेतन देता येत नाही, हे कुणीही मान्य करील.

"सर, मी तं तुमच्या समोर उभा हाओ!"

"तू आहेस रे," सर म्हणाले. ते पुण्याला पंधरा दिवस राहून आल्यामुळे शुद्ध बोलत. "पण सिस्टीममध्ये नाहीस."

सोबतच्या हरिओमने मात्र तीन महिन्यांत एकाही डोक्याला हात लावला नव्हता. त्याचा अंगठा नव्या नाण्यासारखा उमटे. हजेरी शंभर टक्के. म्हणून त्याला उत्कृष्ट प्रशिक्षणार्थी ठरवण्यात आले आणि अंगठा कसा जपावा, हे इंद्रभानला शिकवायला नेमण्यात आले. कात्रीचे दिवस आले, तेव्हा अंगठ्याला धोका नको म्हणून हरिओम बाजूला उभा राही आणि केस इंद्रभान कापी.

आता जो रोज दुकानात येतो पण प्रशिक्षणार्थी नाही, तो कोण? वहीत दुसरा रकाना एकच होता: ग्राहक. महिनाअखेर इंद्रभानच्या हाती तीस कटिंगचे बिल पडले. रोजचे गिऱ्हाईक म्हणून दहा टक्के सूट दिली होती, हे नमूद करायला हवे.

शेवटी तपासणी अधिकारी आले. भला माणूस. म्हणाले, "यंत्र राहू द्या. याने ज्याचे केस कापले, असा एक माणूस सही करू दे. थकलेले वेतन, प्रमाणपत्र, खुर्ची, सगळे मंजूर करतो."

एक माणूस! शिकाऊ हाताची कटिंग फुकट, म्हणून अख्खे अमडापूर तिथे जात होते. इंद्रभानने गावची दोनशे तेरा डोकी कापली होती. त्याची कात्री डाव्या कानापाशी जरा वर चढते, त्यामुळे गावात प्रत्येकाचा डावा कल्ला उजव्यापेक्षा अर्धा बोट आखूड. आधार कार्डाचीही गरज पडू नये.

पण फुकटची कटिंग कबूल कोण करतो? घरी प्रत्येकाने सांगितले होते की खुद्द सरांच्या हातून केली, दोनशे रुपये मोजून.

"आपन फुकटात डोस्कं देत नाई कोनाले," त्या दिवशी दुकानात बसलेले आमच्या गावचे शंकरराव म्हणाले.

"आमची तं सरच करते," शेजारचे भगवानराव म्हणाले.

तेव्हा मी उठलो. भरल्या दुकानात छाती पुढे काढून म्हणालो, "लिहा साहेब! हे डोकं इंद्रभाननं कापलं, अन् फुकट कापलं!" अधिकाऱ्यांचे डोळे भरून आले. सही झाली, शिक्का बसला, आणि आज इंद्रभान स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या खुर्चीमागे...

"काका."

सोजराबाई डबा घेऊन उठली होती.

"कोन्तं दुकान? मंग हा डबा मी कोनाले नेऊन राह्यली? नव्यानं नाव टाकलं त्यानं. पयल्यापासून डोस्के धुऊन राह्यला. अन् तुमी कव्हा उठले जी? साहेबानं विचारलं तं तुमी टोपी कानावर वढली. मी दारातच उभी होती. टोपी आताबी तशीच हाये, पाहा."

स्टँडवर एकच हशा पिकला. शंकरराव तर मांडीवर थाप मारून हसले.

सोजराबाईने सगळ्यांकडे एकदा नीट पाहिले.

"अन् तुमी सारे काऊन दात काढून राह्यले? डावा कल्ला चाचपा आपापला."