लिंबाजीमामांच्या मापातले सण

गुढीपाडव्याच्या सकाळी तुमच्याकडे कोण येतं मला माहीत नाही. आमच्याकडे शेजारचे लिंबाजीमामा येतात, हातात ओळंबा घेऊन. हो, तोच, गवंड्याचा. दोरीला लोखंडी वजन लावलेला. लोक त्यानं भिंत बघतात, मामा गुढी बघतात. अंगणात उभे राहतात, एक डोळा मिटतात, दोरी सोडतात, आणि आम्ही नैवेद्याचं ताट हातात धरून आरोपीसारखे थांबतो.

"दोन सूत कललीय," मामा निकाल देतात.

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. मामा साखर कारखान्यात फिटर होते. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, पण अंकुशनगरच्या आमच्या गल्लीत अजून सगळं सुतातच मोजलं जातं. एकदा माझ्या सासूबाई चिडल्या. म्हणाल्या, "अहो भाऊ, गुढी जरा वाकडीच असती. तशी रीतच हाय."

"असू द्या की वाकडी. माझं कुठं न्हाई म्हणणं? पण किती वाकडी? वाकडं बी मापात पाह्यजे."

पुढच्या पाडव्याला मामांनी प्रत्येक घराच्या खिडकीला नटबोल्टची एक पट्टी बसवून दिली. तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या सगळ्या गुढ्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या एकाच कोनात वाकलेल्या असतात. बाहेरून येणारे पाहुणे थांबून बघतात. आम्हाला आता सरळ गुढी पाहिली की चुकल्यासारखं वाटतं.

बाजारात तयार मिळणारी एकही सणाची वस्तू मामांच्या घरात येत नाही. "रेडिमेड म्हंजे दुसऱ्याच्या मापाचं," असं त्यांचं मत. वर्षभर अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली त्यांची ठाकठोक चालू असते आणि आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या जात असतात. मी कुंभार पिंपळगावच्या बाजूला शाळेत शिकवते. रविवारी जरा डोळा लागावा तर नेमका तेव्हाच मामांचा हातोडा सुरू होतो. विचारावं तर उत्तर ठरलेलं, "बाई, पोळा आला न!" पोळा दोन महिन्यांवर असतो.

पोळ्याला ते उसाच्या पाचटाचे बैल करतात, मान स्प्रिंगवर. बोटानं टिचकी मारली की बैलानं बरोबर तीनदा मान हलवायची, चौथ्यांदा नाही. एका वर्षी आमच्या बैलानं चार वेळा हलवली. पुरणपोळी गार झाली, सासऱ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, पण मामा पाटासमोर मांडी घालून स्प्रिंग पिळत बसले. "जल्दी करू नका. बैल सैल हाय." होळीला शेणाच्या चकत्यांच्या माळा करायच्या तर त्यांनी पाइपचा तुकडा कापून साचा केला, का तर चकतीचं भोक मधोमध पाहिजे. मी म्हटलं, "मामा, जाळायचंच आहे ना शेवटी?" तर माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मीच नापास झाल्यासारखी घरी आले.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी पलीकडच्या वस्तीतली मंडळी त्यांच्याकडून फिरतं निळं चक्र करून नेतात. चोवीस आरे, प्रत्येकात पंधरा अंश, कोनमापकानं तपासलेले. एका वर्षी त्यांनी मामांना फेटा बांधला, हार घातला आणि दोन शब्द बोला म्हणाले. मामा माईकवर ग्रीस कोणतं वापरावं यावर बोलले.

पण खरी गंमत, म्हणजे आता गंमत म्हणते मी, तेव्हा पाचावर धारण बसली होती, झाली ती गौरी-महालक्ष्म्यांच्या वेळी. आमच्या महालक्ष्म्यांना साडी नेसवायची म्हणजे दोन बायका घामाघूम. एक निऱ्या धरते, दुसरी भोवती फिरते. मामांनी ते बघितलं आणि पाइपचे नवे स्टँड करून आणले. खाली बेअरिंग. आपण जागेवर बसायचं, महालक्ष्मी फिरवायची, पदर आपोआप येतो समोर. सासूबाईंनी मामांची दृष्ट काढायची तेवढी ठेवली.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य. पानं वाढलेली, पाहुणे बसलेले, उकाडा मी म्हणतोय. कुणीतरी उभा पंखा लावला. आरती झाली, सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले, आणि पदरात वारं भरलेली थोरली महालक्ष्मी सावकाश, अगदी डौलात, भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

सासूबाईंनी डोळे उघडले. "अगं बाई! लक्ष्मीनं पाठ फिरवली!" म्हणून जी किंकाळी फोडली! कुणी कापूर आण म्हणतं, कुणी नारळ आण म्हणतं, सासूबाई रडत रडत आपल्याच चुका आठवतायत. मी मामांना हाक मारली. मामा आले, पालथे झोपून स्टँडखाली बघितलं आणि म्हणाले, "रुसली न्हाई वहिनी. लॉक टाकायचा राह्यला." एक वॉशर घातला, देवीला सरळ केलं आणि जेवायला बसले. सासूबाईंनी त्या वर्षी तरीही पाच शुक्रवार उपास केले. वॉशरवर त्यांचा भरवसा नव्हता.

या सगळ्या कारभाराला वरची तपासणी होती ती गयामामींची. गयामामी म्हणजे मामांची बायको, शिक्षण दुसरी, नजर घारीची. मामांनी वस्तू पुरी केली की ओट्यावर त्यांच्यासमोर नेऊन ठेवायची. त्या तांदूळ निवडता निवडता मान वर करायच्या, एकदाच बघायच्या आणि म्हणायच्या, "डावा कान मोठा झाला." मामा तणतणत पट्टी लावायचे. डावा कान मोठाच असायचा. मग "बायको हाय का सुतार तू?" असं काहीबाही पुटपुटत ते शेडमध्ये जायचे, पण चेहरा असा खुललेला की विचारू नका. मामींनी खोट काढली नाही तर वस्तू पुरी झाली असं ते मानतच नसत.

दोन वर्षांपूर्वी मामींच्या डोळ्यांचा पडदा शुगरनं खराब झाला. संभाजीनगरला नेलं, इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर टिकली तरी खूप. मामा त्यांना विचारून आले की आतला भाग बदलून मिळत नाही का. परत आल्यावर त्यांनी डोळ्यांबद्दल कुणाशी बोलणंच सोडलं. फक्त वस्तू मोठ्या व्हायला लागल्या. राखी ताटाएवढी. संक्रांतीच्या हलव्याचे दागिने असे की हार घातला तर मान खाली येईल. पोळ्याचा बैल वासराएवढा, तो आमच्या देवघरात मावेना म्हणून त्याची पूजा व्हरांड्यात केली. गल्ली हसायची. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

मग मागच्या दिवाळीच्या आधी एकदा मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले. हातात काही नव्हतं. मामांचे रिकामे हात मी पहिल्यांदाच बघत होते.

"बाई, एक विचारू का? गया आजकाल नुसतं छान छान म्हणून राह्यली."

"चांगलंच की मग."

"काय चांगलं? घटाला पत्र्याचं तोरण केल्तं, त्याचं एक पान मी मुद्दाम उलटं लावल्तं. तिला म्हणलं, कसं झालं? म्हणाली, छान झालं." ते जमिनीकडं बघत राहिले. "उलटं पान दिसलं न्हाई तिला."

मग म्हणाले, "दिवाळीचा कंदील दिसला पाह्यजे. तेवढा दिसला म्हंजे मी समजंन अजून काही हाय. न्हाई दिसला तर बास. मंग कुणासाठी करायचं?"

मी मास्तरीण. समोर माणूस हताश बसला की मला काहीतरी शिकवल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, "मामा, तुम्ही दरवर्षी लाल कंदील करता. या वर्षी पिवळा करा. पिवळा रंग कमी नजरेला लवकर दिसतो. शाळेच्या गाड्या उगाच का पिवळ्या असतात?"

मामा ताडकन उठले. दुसऱ्या दिवशी एसटीनं जालन्याला गेले आणि पिवळ्याधमक कागदाची गुंडाळी घेऊन आले. काय तो कंदील! माझ्या उंचीचा, आत चार मोठे बल्ब, वर चढवायला साखळी आणि कप्पी. पंधरा दिवस ठाकठोक. पहिल्यांदाच मी रविवारी कुरकुर केली नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला गल्ली जमली. मामींना खुर्ची मांडून अंगणात बसवलं होतं, नवी साडी, केसात शेवंती. मामांनी साखळी ओढली, कंदील वर गेला, बटण दाबलं आणि अंगणभर पिवळा उजेड पडला. आमची तोंडंसुद्धा पिवळी झाली.

"गया," मामांनी विचारलं, "दिसला का?"

मामींनी मान वर केली. हसल्या. "दिसला की! न दिसायला काय झालं? लालभडक झालाय औंदा. पाकळी न् पाकळी दिसून राह्यली."

सासूबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात मी त्यांचा हात असा दाबला की त्यांची बांगडी वाढली. मामा साखळी धरून उभे होते. कंदिलाकडं नाही, मामींकडं बघत होते. हा पिवळ्याचा शहाणपणा माझा होता. लाल असता तर निदान झाकलं तरी गेलं असतं.

"बराबर," मामा शेवटी म्हणाले. "लालच हाय."

पाडव्याच्या सकाळी मी फराळाचं ताट घेऊन गेले. कंदील खाली उतरवलेला होता. मामा शेडमध्ये त्याच्यापुढं बसले होते, शेजारी खळीचं भांडं. पिवळ्यावर लाल कागद चिकटवत होते. चारातल्या तीन बाजू झाल्या होत्या. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि पुन्हा कागद दाबायला लागले.

मामी आत पलंगावर बसल्या होत्या. माझा आवाज ऐकून त्यांनी हात पुढं केला, मी जवळ गेले तसं मनगट घट्ट धरलं.

"बाई, खरं सांगा. काल मी अंदाजानं ठोकलं. दरसाली लाल असतो म्हणून लाल म्हणले. मला सहा महिने झाले, बिलकुल काही दिसत न्हाई. बराबर निघालं ना?"

दारातून मला मामा दिसत होते. चौथ्या बाजूला खळ लावून झाली होती.

"बरोबर निघालं मामी. लालच आहे." खोटं नव्हतं ते.

मामींनी सुस्कारा सोडला. "बरं झालं. ह्यांना कळलं न, तर हत्यारं गोणीत भरतील. मंग हे घर खायला उठंल." मग हळूच म्हणाल्या, "पण नुसतं छान म्हणलेलं ह्यांना चालत न्हाई. मला कळतं ते. बाई, तुम्ही बघा न जरा. काय चुकलंय त्यात?"

मी दाराशी जाऊन बघितलं. आता मी काय कपाळ बघणार? मामांचं काम ते. कुठं नाव ठेवायला जागा नव्हती. मी आपली तोंडाला आलं ते बोलले, "डावीकडची झिरमिळी लांब वाटतेय."

मामी ताठ बसल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, "अहो! ऐकलं का? डावीकडची झिरमिळी लांब झालीय!"

शेडमधला हात थांबला. मामांनी झिरमिळीकडं बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. ती झिरमिळी बरोबर होती. त्यांना माहीत होतं. मलाही होतं, कारण उजवीकडची तिच्याशी तंतोतंत जुळत होती.

"हाय खरं," मामा म्हणाले. "कशी काय नजरेतून सुटली?"

आणि खिशातून कात्री काढून, गालातल्या गालात हसत, त्यांनी ती चांगली बसलेली झिरमिळी बोटभर कापून टाकली.