सातव्या वळणाची अर्ध्या दिवसाची रजा

घाटातलं सातवं वळण अर्ध्या दिवसाची रजा टाकून माझ्या दुकानात आलं, तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. दुधाच्या टेम्पोतून आलं होतं. उतरलं, अंगावरची खडी झटकली आणि बाकड्यावर बसलं. बसलं म्हणजे दोन्ही बाजूंनी खाली लोंबत राहिलं. ते काही लहान वळण नाही.

मी घाटमाथ्यावर चाळीस वर्षं पाट्यांचं काम करतो. पाटे म्हणजे गाडीखालच्या पोलादी पट्ट्या. ओझं झेलतात, गाडीला डुलू देत नाहीत. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, मग विचारायचं, ही आपली रीत. वळणालाही दिलं. थोडं ते प्यायलं, बाकीचं त्याने सवयीनं गटारीकडे वळवलं.

"भैरू मिस्त्री, ती घरगाडी तुमच्याकडेच आहे ना?"

दारातच उभी होती. परुळेकरांची. शरदराव पोस्टातून रिटायर झाले आणि एक जुनी बस घेऊन तिच्यातच संसार मांडला. पलंग, शेगडी, तुळस, सगळं चाकांवर. पंधरा दिवसांनी एकदा नवरा-बायको खाली कोकणात उतरायचे. काल मात्र सातव्याने त्यांना अर्ध्या घाटातून माघारी धाडलं होतं.

"अडवलंत म्हणे त्यांना."

"अडवणारच. ती गाडी माझ्यावर आली की दरीकडे एवढी कलते, माझा कठडा डोळे मिटून घेतो. एकतीस वर्षांत माझ्यावर सायकलसुद्धा पडलेली नाही, मिस्त्री. ही एकदा आडवी झाली की बांधकाम खातं माझ्या उशाला पाटी ठोकणार, 'अपघाती वळण'. ती जन्मभर निघत नाही. अकराव्याचं बघताय ना? त्याच्यापाशी थांबून कोणी पानसुद्धा खात नाही."

ते खरं होतं. अकरावं फार एकटं पडलंय.

"आणि आत्ता तिकडे कोण आहे?"

"सहावं आणि आठवं हात लांबवून रस्ता धरून आहेत. मुकादमाने लिहून दिलंय, पाचच्या एसटीच्या आत हजर व्हायचं. नाहीतर एसटी सरळ जाईल."

"सरळ म्हणजे दरीत?"

"दरीचं मला काही सांगता येणार नाही. ती वेगळ्या खात्याकडे येते."

मी गाडीखाली शिरलो. दोन पाटे तडकलेले, बाकीचे वाळत घातलेल्या पापडासारखे सपाट. नवे पाटे चढवले, प्रत्येक बाजूला एक एक जास्तीचा. चारही शॉकअप बदलले. पाण्याची टाकी टपावर होती, ती खाली आणून मधोमध बसवली. घाई केली नाही. घाईचा बोल्ट पुन्हा घट्ट करावाच लागतो. तीन वाजले.

"आता बघू," वळण म्हणालं. अंगणात जाऊन नीट आडवं पडलं, घाटात पडतं तसंच. शरदरावांनी त्याच्यावरून गाडी नेली. हलली नाही.

"आता बाईंना घेऊन. रोज असतात तशा आत असू देत."

या खेपेला गाडी अशी कलली, की वळण अंग चोरून एक वीत मागे सरकलं. मी आत जाऊन बघितलं. मालिनीबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. पितळी कड्यांचा, शिसवी फळीचा, छताला टांगलेला. वळण आलं की त्या दरीच्या बाजूला झोका घेत होत्या.

"हा काढावा लागेल," वळण खिडकीतून म्हणालं.

"झोपाळ्याशिवाय का घर असतं?"

"घाटात तरी कुठे घर असतं, बाई?"

"मग तुम्हीच जरा सरळ व्हा ना, एवढं वाटतंय तर."

वळण खिडकीपासून मागे झालं. वळणाला असं बोलू नये.

"अगं, ते आपल्याच भल्यासाठी रजा काढून आलेत," शरदराव हळूच म्हणाले.

"तुम्ही पुढे बघा. तेच तुम्हाला जमत नाही, म्हणून ही वेळ आली."

मी झोपाळ्याची फळी हाताने धरून बघितली. म्हटलं, "बाई, फळी गाडीच्या लांबीत टांगलीय, म्हणून झोका डाव्या-उजव्या अंगाला जातो. आडवी टांगू. मग पुढे-मागे जाईल. वळणाशी त्याचं काही भांडण राहणार नाही."

"पण मग मला खिडकीतून समुद्र कसा दिसणार?"

"समोरच्या काचेतून दिसेल. साहेब गाडी कशी चालवतात तेही दिसेल."

मालिनीबाईंनी क्षणभर विचार केला. "चालेल," म्हणाल्या. शरदरावांना ते फारसं रुचलं नाही, पण वेळ नव्हता.

फळी आडवी झाली. चार वाजता तिसरी फेरी घेतली, वळणाची तक्रार नव्हती. पण दुधाचा टेम्पो कधीच गेला होता. मग वळणाला घरगाडीतच घेतलं. मीही बरोबर निघालो, आपल्या हातचं काम रस्त्यावर बघितलेलं बरं. मालिनीबाईंनी त्याला झोपाळ्यावर जागा दिली, वाटीभर सोलकढी दिली. "मघाचं मनावर घेऊ नका हो," म्हणाल्या. ते म्हणालं, "छे. लोक घाटात याहून वाईट बोलतात."

सातव्याच्या जागी सहावं आणि आठवं घामाघूम होऊन रस्ता धरून होती. आमचं वळण उतरलं, दोघांना मोकळं केलं, आपल्या जागी पडलं. कठडा नीट केला.

"थांबा," म्हणालं, "अंग घट्ट करू दे." मग डोळे मिटून म्हणालं, "हं, या."

शरदरावांनी गिअर टाकला. मागे झोपाळा संथ कुरकुरत होता. मालिनीबाई म्हणत होत्या, "हॉर्न द्या. अहो, हॉर्न द्या."

आम्ही आठव्याला पोचलो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"या म्हटलं ना? किती वेळ असं घट्ट राहायचं?"

मी खिडकीतून मान बाहेर काढली. "आम्ही गेलो."

"कधी?"

"मघाशीच."

वळणाने डोळे उघडले. "बरं," म्हणालं, आणि खालून कौलं भरलेला एक ट्रक येत होता, त्याला वळवायला लागलं.