आप्पांचा जादूगार

दर मंगळवारी सकाळी अकराला सुकलालआप्पा काटा बंद करतात, मिरचीच्या पोत्यावर चढून बसतात आणि मोबाईलमधल्या एका जादूगाराची खबर देतात.

नंदुरबारजवळ आमची मिरची वाळवायची पथारी आहे. कारभार मी बघते, वजन आप्पा करतात. वय पासष्ट. मोबाईलवर हप्त्याहप्त्याने येणारी एक हिंदी चित्रकथा त्यांना सापडली आणि मिरचीची देठं खुडणाऱ्या बायांना ते ती अहिराणीत सांगू लागले. त्या जादूगाराची शेवटची शक्ती अजून कोणी पाहिलेली नाही. तो अस्तनीतून हात काढायला लागला की भाग संपतो.

मग पैजा लागतात.

"आप्पा, तो आठे मिरचीमा हुभा ऱ्हायना तरी शिंकस नई. तीच तेनी शक्ती," असं सखूबाईचं मत.

"तेले सुरतनी गाडीमा खिडकीजोडे जागा भेटस," दुसरी म्हणते.

"ह्या चिल्लर शक्त्या शेतस," आप्पा हात झटकतात. "मोठी गोट आजून बाकी शे."

हे पालुपद ते कुठेही लावतात. चहात साखर कमी पडली तरी मोठी गोट बाकीच असते. अर्धा तास काम बुडतं म्हणून मी ओरडायचे. पण मंगळवारी एकही बाई दांडी मारत नाही हे लक्षात आलं, तेव्हा गप्प बसले.

या हंगामात आप्पांचा आवाज बसला. तिखटाच्या धुरळ्याने असेल म्हणून महिना काढला. मीच दवाखान्यात नेलं, तर घशात गाठ. काढून तपासायला पाठवली.

"जीवनं जाऊ द्या," आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पन आवाज गया तं मंगळवारे मी काय करसू?"

रिपोर्ट आला. गाठ साधी होती. पंधरा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, एवढंच पथ्य. मी हुश्श केलं आणि कामाला लागले.

मंगळवारी अकराला आप्पा गळ्याला मफलर आणि हातात लिहायची पाटी घेऊन हजर. बाया गोळा झालेल्या. त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला, वाचा अशी खूण केली आणि मान खाली घातली.

मी पुढचा भाग शोधला. नव्हता. शेवटचा भाग मागच्या हंगामातला, आणि खाली ओळ होती: ही कथा आम्ही इथेच थांबवत आहोत.

म्हणजे यंदा मंगळवारी सांगितलेले सगळे भाग आप्पांच्या पदरचे. बाया माझ्याकडे बघत होत्या. आप्पा बघत नव्हते.

"जादूगारना घसा बसना शे," मी म्हणाले. "पंधरा दिवस मंतर बंद."

"नुस्ता घसाच ना?" सखूबाईने विचारलं. तिची नजर मोबाईलवर नव्हती, मफलरवर होती.

"नुस्ता घसाच."

"मंग बरं व्हयनं."

नंतर पाणी प्यायला आली तेव्हा ती हळूच बोलली, "ताई, ती कथा कवयनी बंद पडनी. मन्ही नातनी दिवाळीलेच सांगं."

"मग दर मंगळवारी शक्ती कसली ओळखता?"

"सांगू नका त्यास्ले. त्यास्नी बायको गयी तवयपासून घरमा एकलाच ऱ्हातस ना. इतलं तरी बोलतस."

काट्याकडे वळले तर आप्पांनी पाटी माझ्यासमोर धरली. वर लिहिलं होतं, 'मोठी गोट आजून बाकी शे.'

"असू द्या," मी म्हटलं. "आधी काटा चालू करा."