बिनआवाजाचा नाताळ

"या नाताळला नदीवर एक तर जनरेटर येईल, नाहीतर मी," ग्लेनिसनं नवऱ्याला ठणकावलं. त्याच्या धडधडीला ती विटली होती. लेस्टरनं त्याच आठवड्यात जनरेटर विकून फ्रिजसाठी सोलर पॅनेल आणलं. ग्लेनिसचा भाऊ क्लॅरी पोट धरून हसला. दर नाताळला नदीच्या वळणापलीकडे त्याचा स्वतःचा तंबू असायचा, अर्थात जनरेटरसकट.

"तुझी कोळंबी नाताळच्या आधीच सडणार, लेस्टर!"

"सडली तर पुढच्या वर्षीपासून जनरेटर."

"मग तुम्ही दोघं जा," ग्लेनिस म्हणाली. "मी घरी."

तिच्याशिवाय नदीवर जायचं, आणि तेही क्लॅरीबरोबर? तसला नाताळ शत्रूलाही नको. काही झालं तरी फ्रिज चालू ठेवायचाच, असं लेस्टरनं मनाशी ठरवलं.

इथला नाताळ म्हणजे ऐन उन्हाळा, म्हणून त्यांनी तंबू निलगिरीखाली ठोकला आणि लांब वायर ओढून पॅनेल मोकळ्या उन्हात मांडलं. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज बंद! काकाकुव्यांनी वायर कुरतडली होती. लेस्टरनं ती जोडली, तर फांदीवरून आरडाओरडा सुरू झाला.

"आता मी इथून हलत नाही," म्हणत त्यानं खुर्ची उचलली. आधी पॅनेलपासून थोडं लांब सावलीत बसून पाहिलं, पण ते बेटे त्याला जुमानेनात, लगेच खाली उतरले. शेवटी तो पॅनेलला खेटूनच बसला. दुपारी ऊन रणरणायला लागलं तशी ग्लेनिसनं मोठी छत्री आणून रोवली आणि लेस्टर घोरायला लागला.

"अरे, फ्रिज परत गरम होतोय!" तंबूतून ग्लेनिस ओरडली.

लेस्टरनं वायर तपासली, सगळे स्क्रू पिळले, काकाकुव्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ग्लेनिस कमरेवर हात ठेवून बघत होती.

"छत्री," ती म्हणाली.

"छत्रीचं काय?"

"तिची सावली कुठे पडलीय?"

सावली बरोबर पॅनेलवर पसरली होती. लेस्टरनं छत्री भिरकावली आणि टोपी कपाळावर ओढून उघड्या अंगानं भर उन्हात ठिय्या दिला.

"अरे, भाजशील! चल आत."

"कोळंबी सडली तर तू येणार नाहीस!"

ग्लेनिसनं त्याच्या नाकाला मलम फासलं आणि पाण्याची बाटली हातात कोंबली.

संध्याकाळी क्लॅरी बिअर घेऊन गंमत बघायला आला. फ्रिज बर्फासारखा गार होता. कोळंबी जशीच्या तशी होती. लेस्टर मात्र लालबुंद होऊन तंबूत पालथा पडला होता, आणि त्याच्या पाठीवर नुसती फुंकर घातली तरी तो किंचाळत होता. ग्लेनिसनं फ्रिज रिकामा करून त्यात ओले टॉवेल कोंबले.

"क्लॅरी, ही कोळंबी तुझ्याकडे ने."

"म्हणजे शेवटी जनरेटरच कामाला आला की!"

लेस्टर कण्हला. "मग पुढच्या वर्षी तू नाही ना येणार?"

ग्लेनिसनं गार टॉवेल त्याच्या पाठीवर अलगद पसरला.

"मी येणार. पॅनेलही येणार," ती म्हणाली. "तुझं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही."